वर नितळ, खाली गारा : पावसानंतरच्या धरणातल्या एका बुडीचं प्रकरण

हे प्रकरण खान्देशातल्या एका मध्यम प्रकल्पाच्या धरणावरचं आहे. प्रकल्पाचं, गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. बुडीचा निर्णय माझा होता, चूकही माझीच होती. त्यातून जे कळलं ते काळ्या मातीच्या कुठल्याही धरणात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या उपयोगी पडेल, म्हणून तपशिलात लिहितो आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावाला पिण्याचं पाणी या धरणातून जातं. भिंतीपासून थोडं आत जॅकवेल आहे, म्हणजे पाण्यात उभी असलेली मोठी विहीर. तिला तीन उंचीवर तीन दारं आहेत. धरण भरलेलं असेल तेव्हा वरचं, उतरत जाईल तसं मधलं आणि खालचं दार उघडायचं, अशी मूळ योजना. प्रत्यक्षात मधलं दार कित्येक वर्षं कोणी फिरवलेलं नव्हतं. वर्षभर खालच्या दारावरच काम चालायचं. दाराबाहेर लोखंडी गजांची जाळी आहे. कचरा तिथेच अडतो.

जुलैचा शेवट होता. धरण चाळीस टक्क्यांच्या आसपास. मंगळवारी रात्री डोंगराकडच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला. महसूल खातं ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की त्या मंडळात अतिवृष्टी धरतं, आणि हा पाऊस त्याच्या बराच वरचा होता. बुधवारी पहाटे नदीला पूर आला आणि संध्याकाळपर्यंत धरणाची पातळी जवळपास दोन मीटर चढली. शेतकऱ्यांना बरं वाटलं. आमच्या कामाची सुरुवातही तिथूनच झाली.

आमची टीम तिघा पाणबुड्यांची आणि वर दोर सांभाळणाऱ्या दोघांची. तिघेही सिलिंडर लावून बुडी मारायला कोकणात, तारकर्लीकडे शिकलेले. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. कोकणात पर्यटकांच्या बुड्या पावसाळ्यात बंद असतात. म्हणजे शेकडो बुड्या मारलेल्या माणसानेही भर पावसातलं, नुकतं पूर आलेलं पाणी आतून पाहिलेलं नसतं. ऑक्टोबरात समुद्र उघडतो तो बऱ्यापैकी निवळलेला असतो, आणि "पाऊस थांबला की दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं" हे गणित तिथेच मनात बसतं.

अडचण

गुरुवारी सकाळी शाखा अभियंत्यांचा फोन आला. पंप चालू केला की जॅकवेलच्या आतली पातळी भराभर खाली जाते. बाहेर धरणात पाणी आहे आणि आत येत नाही, याचा अर्थ खालच्या दारापुढची जाळी पुराच्या कचऱ्याने लिंपली गेली होती. पंप अर्धा तास चालवून बंद करावा लागत होता.

गावाला पाणी चार दिवसांआड. पुढचा पाळा शनिवार-रविवारी होता आणि त्याच रविवारी कानबाई. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. सुरत, पुणे, नाशिक, कुठे कुठे पांगलेले भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी येतात. रोटांचा स्वयंपाक असतो, ते रोट भाऊबंदांनीच खायचे असतात आणि सोमवारी विसर्जन. एरवी पाच माणसांच्या घरात त्या दिवशी पंचवीस माणसं असतात. नगरपालिकेतला प्रत्येक माणूस हा रविवार डोक्यात ठेवूनच बोलत होता. "भाऊ, कानबाईला पाणी नाही असं झालं तर लोक आम्हाला गावात राहू देणार नाहीत," हे अभियंता साहेबांनी मला दोनदा ऐकवलं. त्यांनी धमकावलं नाही की घाई केली नाही. घाई मीच मनाशी करून घेतली.

पाण्याकडे आम्ही कसं पाहिलं

गुरुवारी दुपारी भिंतीवर उभं राहून पाहिलं तर पाणी चांगलं दिसत होतं. हिरवट, पण स्वच्छ. दीड-दोन किलोमीटर वर, धरणाच्या शेपटाकडे, मळकट तपकिरी पाणी दिसत होतं. ते एका ठिकाणी एकदम संपत होतं. तिथे काडीकचरा, पऱ्हाट्या, प्लास्टिक आणि फेस यांची आडवी रेघच पडली होती. रेघेच्या पलीकडे गढूळ, अलीकडे नितळ.

"गढूळ पाणी अजून तिथवरच आलंय," मी म्हणालो. सगळ्यांना पटलं. डोळ्यांनी दिसतच होतं.

मग आम्ही तबकडी सोडली. वीस सेंटिमीटर व्यासाची, चार पाकळ्या काळ्या-पांढऱ्या रंगवलेली, दोरीला गाठी मारलेली. इटलीतल्या आंजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून अशी पांढरी तबकडी सोडून पाण्याचा नितळपणा मोजला होता. आजही तळ्या-सरोवरांवर हेच साधन वापरतात. तबकडी दिसेनाशी झाली ती १ मीटर ३० सेंटिमीटरवर. खान्देशातल्या धरणाला पावसाळ्यात हा आकडा उत्तम म्हणायचा. आम्ही शुक्रवारी सकाळी उतरायचं ठरवलं.

चूक इथे झाली. तबकडी सव्वा मीटरवर दिसेनाशी होते, तेव्हा ती वरच्या सव्वा मीटरचीच गोष्ट सांगते. आम्हाला जायचं होतं नऊ मीटरवर. मधल्या पावणेआठ मीटरबद्दल त्या तबकडीने आम्हाला काहीही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही सांगितलं असं धरून चाललो.

त्याच दुपारी जाळं सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोई आप्पांनी आम्हाला हटकलं होतं. "भाऊ, वरतून पानी नितळ दिखस, पन खाले गाराच गारा शे." गारा म्हणजे चिखल. मी मान हलवली आणि पुढे गेलो. त्यांनी हे कशावरून सांगितलं ते विचारायला हवं होतं. ते मी शुक्रवारी विचारलं. त्यांनी जाळं उचलून दाखवलं : पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याचा वरचा भाग धुतल्यासारखा, खालच्या दोऱ्यांवर मेणासारखा चिखलाचा थर. गढूळ थर कुठून सुरू होतो याची नोंद त्या जाळ्यावर बुधवारपासूनच होती.

पहिली बुडी

शुक्रवारी सकाळी आठला पंप बंद करून घेतले. इथे एक गोष्ट आम्ही बरोबर केली, आणि ती केली नसती तर हे प्रकरण वेगळ्या तऱ्हेने लिहावं लागलं असतं. बाहेरची आणि जॅकवेलमधली पातळी सारखी होईपर्यंत आम्ही थांबलो. पातळीत नुसता एक मीटर फरक असेल, तर ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या भोकावर सुमारे ९० किलोचं ओढण बसतं. हात किंवा पाय तिथे चिकटला की माणूस स्वतःच्या बळावर सुटत नाही. नजर चालत नसेल तर ते भोक कुठे आहे हेही कळत नाही. पंपाच्या स्टार्टरला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात ठेवली.

पहिला पाणबुडा उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. खुणा ठरलेल्या : एक झटका म्हणजे "ठीक ना?", दोन म्हणजे "दोर सोड", चार म्हणजे "वर घे". तीन मीटरपर्यंत त्याला जॅकवेलची भिंत, शेवाळ, माशांची पिल्लं, सगळं दिसत होतं. साधारण पाच मीटरवर त्याला पायाला गार लागलं. पुढच्या क्षणी कमरेखालचं शरीर दिसेनासं झालं, जणू कोणी चहाच्या पातेल्यात उभं केलंय, असं तो नंतर म्हणाला. आणखी हातभर खाली गेला तर डोळ्यांपुढे धरलेला हातही दिसेना.

त्याने टॉर्च लावला. पावसाळ्यात कन्नडच्या घाटात धुकं असताना गाडीचा अप्पर मारला की काय होतं ते चाळीसगावकडच्या माणसाला सांगायला नको : रस्ता दिसायचा तोही जातो, समोर पांढरी भिंत उभी राहते. गढूळ पाण्यात तसंच. उजेड प्रत्येक कणावर आपटून डोळ्यात परत येतो. टॉर्च डोळ्यांपासून दूर, बाजूला धरला तर थोडा फरक पडतो, पण तो थोडं गढूळ असताना. इथे काहीच फरक पडला नाही.

तो नऊ मीटरपर्यंत गेला, कारण काम पूर्ण करायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं. जाळीला हात लागला. बाभळीची अख्खी फांदी, काट्यांसकट, आणि तिच्यात गुंतलेलं जुनं जाळं. त्याचा डावा हात त्या जाळ्यात अडकला. सोडवताना तो फिरला, आणि फिरल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळेना. डोळे नसले की कानातलं संतुलन फार लवकर फसतं.

माझ्या हातात आलेले झटके मोजता येत नव्हते. तीन? पाच? मी एक झटका दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला. मग चार झटके आले, स्पष्ट. आम्ही त्याला सावकाश वर घेतलं. बुडी एकंदर चौदा मिनिटांची झाली होती. सिलिंडरमध्ये उरलेला दाब पाहिला तेव्हा माझे हात थंड पडले.

हिशोब असा आहे. बारा लिटरचं सिलिंडर २०० बार भरलेलं. ५० बार राखीव सोडले तर वापरायला १८०० लिटर हवा. शांत माणूस मिनिटाला २० लिटर घेतो. नऊ मीटरवर दाब १.९ पट, म्हणून ३८ लिटर. म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त. घाबरलेला, धडपडणारा माणूस दुप्पट घेतो, आणि तीच हवा चोवीस मिनिटांत संपते. शिवाय सिलिंडरमधला दाब दाखवणारं गेज दिसत नाही. आपली हवा किती उरली हे त्याला कळायला मार्गच नव्हता, आणि दोराच्या तीन खुणांत "हवा किती?" असा प्रश्न आम्ही ठेवलेलाच नव्हता.

त्याच्या तळहातात दोन काटे मोडले होते. बाकी तो धड होता. दुसरा पाणबुडा कपडे चढवून तयार उभा होता. "दादा, मी जातो, मला जागा समजली," असं म्हणाला. मी बुडी थांबवली. या प्रकरणातला माझा सगळ्यात बरोबर निर्णय तो आहे, पण एक बुडी उशिरा घेतलेला.

गढूळपणा खाली कसा गेला

त्या दुपारी बसून विचार केला तेव्हा सगळं समोरच होतं.

पावसाचं आणि डोंगरातून आलेलं पाणी गार असतं. उन्हाळाभर तापलेल्या धरणाचं पाणी कोमट. ३० अंशाचं हजार लिटर पाणी ९९५.६५ किलो भरतं, २५ अंशाचं ९९७.०५ किलो. फरक फक्त १.४ किलोचा, पण पाण्याला तेवढा पुरतो. त्यात हजार लिटरमागे एक किलो माती मिसळली की वजन आणखी सुमारे ०.६ किलोने वाढतं. असं जड पाणी धरणात आलं की जुन्या पाण्यात मिसळण्याआधीच त्याच्या खाली शिरतं आणि तळाने, जुन्या नदीपात्राच्या खोलगटातून, थेट भिंतीकडे चालू लागतं. जिथे ते खाली शिरतं तिथे वरचा कचरा अडकून राहतो. आम्ही पाहिलेली ती काडीकचऱ्याची रेघ म्हणजे पुराचं पाणी खाली शिरायची जागा होती. त्याच वेळी तो गढूळ पूर आमच्या पायाखाली, जॅकवेलच्या तळाशी येऊन पोचलेला होता.

ही माती कसली? तापी खोऱ्यातली काळी, कपाशीची. तिच्यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनहूनही, म्हणजे ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. थांबलेल्या पाण्यात बारीक वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो, ०.०२ मिलिमीटरचा पोयट्याचा कण पाऊण तासाच्या आत बसतो. दोन मायक्रॉनच्या कणाला त्याच एका मीटरला अडीच-तीन दिवस लागतात, आणि एक मायक्रॉनच्या कणाला अकरा-बारा. हे सगळं पाणी अगदी स्थिर असेल तर. वारा सुटला, नवा पूर आला की पुन्हा पहिल्यापासून.

मग समुद्र लवकर कसा निवळतो? मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत वेगवेगळे तरंगत राहतात. समुद्राच्या मिठाने तो भार दबतो, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि झटकन बसतात. तुरटी हेच करते. आमच्या आजीने माठातल्या पुराच्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवला, किंवा निवळीची बी उगाळून घातली, की सकाळी खाली गाळ आणि वर पिण्याजोगं पाणी असायचं. धरणाच्या गोड्या पाण्यात तेवढं मीठही नाही आणि तुरटी फिरवणारं कोणी नाही. "दोन-तीन दिवस" हे मालवणकडचं गणित इथे लागू पडणार नव्हतंच.

अजून एक गोष्ट, जी मला या प्रकरणानंतर प्रत्येक पावसाळ्यात दिसते. किती पाऊस पडला यापेक्षा तो कशावर पडला हे जास्त महत्त्वाचं. जुलैत कपाशी हातभर असते, निंदणी-कोळपणी चालू असते, दोन ओळींमधली जमीन भुसभुशीत आणि उघडी असते. त्यावर पडलेला पाऊस माती घेऊनच उतरतो. सप्टेंबरात पिकाने जमीन झाकलेली असते, बांधावर गवत कमरेएवढं असतं. तेवढाच पाऊस तेव्हा बराच कमी गाळ आणतो. पाणबुड्याने पावसाच्या आकड्यासोबत शेतात काय चाललंय तेही विचारावं.

समोरचे पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी जॅकवेलच्या पुलावर बसून अभियंता साहेब, नगरपालिकेचे पाणीपुरवठ्याचे माणूस, भोई आप्पा आणि आम्ही, असं बोलणं झालं.

दुसऱ्या पाणबुड्याला लगेच पाठवायचं हा एक पर्याय. जागा माहीत, अडथळा माहीत. पण तो आंधळेपणाने काटेरी फांदीत शिरणार, आणि पहिल्या बुडीत आमच्या खुणा अपुऱ्या आहेत हे सिद्ध झालेलं. मी नाही म्हटलं.

पाणी निवळेपर्यंत थांबायचं. वरचा हिशोब मांडल्यावर कळलं की "निवळेपर्यंत" म्हणजे दोन आठवडेही लागू शकतात, आणि तोवर दुसरा पाऊस आलाच.

नदीकाठी पंप लावून वरवरचं पाणी सरळ नळीने घ्यायचं, हाही विचार निघाला. पंप आणि पाइप जळगावहून यायला, बसवायला सोमवार उजाडला असता.

टँकर. साहेबांनी तो पर्याय आधीच मागवून ठेवला होता, पण तो गावाला जेमतेम प्यायला पुरेल असा.

आणि मग आप्पांनी विचारलं, "मधलं दार काय करता मग? त्याच्यापुढे तर सगळं नितळ पाणी उभं आहे."

सगळे गप्प झाले. मधलं दार पाण्याखाली तीन मीटरवर होतं, म्हणजे गढूळ थराच्या वर. ते उघडलं तर पाणी भरपूर मिळेल आणि स्वच्छही. ते कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते "जाम" आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि जाम आहे ते सोडवता येईल का हे कोणी बघितलं नव्हतं. आम्हाला पाणबुड्यांना बोलावलं म्हणून आम्ही बुडीचाच विचार केला. माणूस न उतरवता काम होईल का, हा प्रश्न मी गुरुवारी दुपारी विचारायला हवा होता.

शनिवार

सकाळी सहापासून दाराचा स्पिंडल, म्हणजे दार वर-खाली करणारा दांडा, वरून सोडवायला घेतला. गंज खरवडला, डिझेल आणि ग्रीस सोडून दोन तास ठेवलं, मग लांब पान्याला पाइप घालून चार माणसांनी उलट-सुलट थोडं थोडं हलवलं. जोर एकाच बाजूने केला असता तर स्पिंडल तुटला असता, हे पालिकेच्या फिटरने ओळखलं आणि सगळं काम त्याच्याच सांगण्याने झालं. अकराच्या सुमारास दार पहिल्यांदा सरकलं. ते एक तृतीयांशच उघडलं, पुढे गेलं नाही.

एक तृतीयांश पुरलं. एक पंप सलग चालू लागला. शनिवारी रात्री अर्ध्या गावाला, रविवारी पहाटे उरलेल्याला पाणी गेलं. नेहमीपेक्षा कमी वेळ, पण गेलं. कानबाई पाण्याने बसली.

त्याच दुपारी मी जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो. तिथल्या केमिस्टताईंनी रजिस्टर काढलं. धरणातून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा त्या दर पाळीला मोजतात. पावसाच्या आधी पंधरा एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आसपास. बुधवारी रात्री तीनशेच्या वर. गुरुवारी सकाळी सातशेच्या वर. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १ एनटीयूचं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात, म्हणजे त्यांनी त्या दोन दिवसांत तुरटीचा डोस किती वाढवला असेल ते समजा. जाळी तुंबलेली असतानाही जे थोडं पाणी खालच्या दारातून आत येत होतं, त्याने त्या थराची खबर बुधवारीच दिली होती. आम्ही गुरुवारी जिथे उभे होतो तिथून ते रजिस्टर चार किलोमीटरवर होतं. मधलं दार उघडल्यानंतरचा आकडा शनिवारी रात्री चाळीसच्या खाली आला. "मला कोणी विचारलंच नाही, सर," ताई म्हणाल्या. खरं होतं.

दुसरी बुडी

खालची जाळी साफ करणं तरी गरजेचं होतंच, कारण मधलं दार अर्धवट उघडलेलं आणि भरवशाचं नव्हतं. पण आता घाई नव्हती. तयारीला पाच दिवस मिळाले.

रोज सकाळी बाटली सोडायची. बाटलीला दगड, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. ठरलेल्या खोलीवर बूच ओढलं की तिथलंच पाणी भरतं. तीन, पाच, सात, नऊ मीटर. बाटलीमागे वर्तमानपत्र धरायचं. शनिवारी नऊ मीटरच्या बाटलीतून काहीच दिसत नव्हतं. सोमवारी ठळक मथळा अंधुक दिसला. सोमवारी संध्याकाळी एक सर आली, जेमतेम वीस मिनिटांची, आणि जॅकवेलजवळच्या नाल्यातून तपकिरी पंखा पसरला. तो मात्र वरच्या वरच तरंगत राहिला, कारण तापलेल्या जमिनीवरून आलेलं ते पाणी कोमट होतं. मंगळवारी म्हणूनच उलटं चित्र : वर गढूळ, मध्ये बरं, तळाशी पुन्हा गढूळ. एकाच आठवड्यात दोन्ही तऱ्हा पाहायला मिळाल्या. गुरुवारी, पावसानंतर नवव्या दिवशी, नऊ मीटरच्या बाटलीतून मथळा वाचता आला, बारीक अक्षरं नाही.

खाली नजर किती चालली? एक वीत. नऊ दिवस थांबून आम्हाला वीतभर नजर मिळाली.

म्हणून दुसरी बुडी नजरेवर अवलंबून ठेवलीच नव्हती. जॅकवेलच्या भिंतीला लागून जाळीपर्यंत वजन लावलेला जाड दोर उभा सोडला. पाणबुड्याने एक हात त्यावरून काढायचाच नाही. गेज वाचायला पॉलिथिनची पिशवी, स्वच्छ पाण्याने भरून तोंड बांधलेली. ती मास्कची काच आणि गेजच्या मध्ये दाबली की मधलं गढूळ पाणी बाजूला सरतं आणि आकडा दिसतो. गढूळ पाण्यात काम करणाऱ्यांची ही जुनी युक्ती, आम्ही ऐकलेली होती, वापरली नव्हती. खुणांत चौथी वाढवली : वरून तीन झटके म्हणजे "हवा किती?", आणि त्याने दर ५० बारला एक झटका परत द्यायचा. दर पाच मिनिटांनी विचारायचं. उत्तर नाही तर दुसरा पाणबुडा, जो पाण्यातच तीन मीटरवर थांबलेला, दोराने खाली जाणार. बुडीची मर्यादा वीस मिनिटं, काम झालं असो वा नसो. दोन्ही पोटऱ्यांना एकेक कटर, हातात चामड्याचे मोजे.

बुडीआधी तिघांनी डोळ्यांना पट्टी बांधून, आप्पांच्या जुन्या जाळ्यात गुंतवलेली बाभळीची फांदी जमिनीवर सोडवायचा सराव केला. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, चौथ्यांदा चार.

मधलं दार बंद, पंप बंद, पातळी सारखी, कुलूप, किल्ली खिशात. फांदीला दोर बांधून यायला पहिली बुडी गेली. फांदी वरून ओढून काढली. दुसऱ्या बुडीत जाळ्याचा गुंता आणि पऱ्हाट्या मोकळ्या केल्या. तिसरी गजांवर हात फिरवून तपासायला. तिन्ही बुड्यांमध्ये हवेच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं.

निष्पत्ती

जाळी मोकळी झाली, दोन्ही पंप चालू लागले. तपासणीत एक गज वाकलेला आढळला. काटे मोडलेल्या आमच्या पाणबुड्याला डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजारावर) लक्ष ठेवायला सांगितलं. ताप आला नाही. पण पहिल्या बुडीनंतर दोन महिने तो गढूळ पाण्यात उतरला नाही. आम्ही त्याला आग्रह केला नाही, आणि ते योग्यच होतं.

आता करायचं तर

फोन आला की पहिला प्रश्न बुडीचा नसेल. दुसरं दार, दुसरा पंप, दुसरी वाट आहे का, ती चालत का नाही, कधी तपासली, हे आधी. त्यानंतर शुद्धीकरण केंद्राचं रजिस्टर. तबकडी सोडू, पण बाटलीसोबतच. तबकडी फक्त वरच्या थराचं सांगते हे टीममधल्या नव्या पोरालाही ठाऊक असायला हवं. धरणाच्या शेपटाकडे कचऱ्याची रेघ दिसली, तर ते पाणी भिंतीपाशी, तळाने, येऊन पोचलंय असं आधी धरायचं आणि नाही हे बाटलीने सिद्ध करायचं.

गुरुवारी बुडी मारायची नाही असं ठरवलं असतं, तर शुक्रवारचा अख्खा दिवस मधल्या दाराला मिळाला असता. कदाचित ते पूर्ण उघडलं असतं. कानबाईच्या घाईने आम्ही एक दिवस वाचवायला गेलो आणि तोच दिवस घालवला.

एका बाबतीत आमचं अजून एकमत नाही. दुसऱ्या बुडीसाठी नऊ दिवस थांबणं गरजेचं होतं का? आमच्यातल्या एकाचं म्हणणं, वीतभर नजरेने काहीच फरक पडला नाही. सराव, उभा दोर आणि पिशवी तयार होती तर सोमवारीही उतरता आलं असतं. माझं म्हणणं, वीतभर नजर म्हणजे हातातल्या कटरच्या धारेपुढे आपलं बोट आहे की जाळं, हे दिसणं. काटेरी कामात मला तेवढं हवं होतं. गावाचं पाणी चालू होतं, थांबण्याची किंमत कोणी मोजत नव्हतं.

मधलं दार आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पूर्ण उघडून बंद केलं जातं. केमिस्टताईंनी रजिस्टरमध्ये "कोणतं दार चालू" असा रकाना वाढवला आहे. वाकलेला गज तसाच आहे. मे महिन्यात पाणी त्याच्या खाली उतरेल तेव्हा वेल्डर होडीतून जाऊन तो सरळ करणार आहे.